गाडीची इर्जिक

आमच्या आबांनी उभी हयात मुळशीच्या एका बंगलेवाल्या साहेबांची गाडी चालवली. परदेशी, चार दारांची, पुढून म्हशीएवढी रुंद. साहेब थकले, त्यांनी बंगला विकला आणि गाडी आबांना देऊन टाकली. त्या जातीच्या गाड्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात, हे मला फार नंतर कळलं. तोवर रिहे गावातल्या आमच्या गोठ्यात कोंबड्या तिच्या पुढच्या सीटवर निवांत अंडी घालत होत्या.

मग आबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ओटीवरून माणूस उठेना, धड बोलेना. जेवायला हाक मारली तरी "ठेव तितं" एवढंच. मला ते बघवेना. काही झालं तरी आबांना एकदा त्या स्टिअरिंगमागे बसवायचंच, असं मी ठरवून टाकलं. त्यासाठी आधी गाडी चालू करावी लागेल, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

शोधता शोधता या गाडीच्या मालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सापडला. माणसं सोन्यासारखी, पण भांडखोर. मी "गाडी चालू होत नाही" एवढंच लिहिलं, तर तिचा मूळ रंग दुधी की सायीचा यावरच त्यांची जुंपली. पण मागितलेली वस्तू द्यायला कुणी नाही म्हणालं नाही. कोइमतूरच्या एका मालकाने कार्ब्युरेटर पाठवला, तो बनियनमध्ये गुंडाळून. बनियन धुतलेला होता.

शेवटी हिंजवडीतला एक आयटीवाला म्हणाला, सगळे मिळून येऊनच बघतो. मीही उत्साहात लिहून टाकलं, "नाश्ता, जेवण आमच्याकडेच." आबांना हे सांगितलं, तर बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा हलला.

"म्हंजी इर्जिक हाय म्हण की."

इर्जिक म्हणजे गावाने आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात फुकट राबायचं आणि काम संपल्यावर त्याने सगळ्यांना मटणाचं जेवण घालायचं. आबांनी लगेच आईला मसाला वाटायला लावला. घरात जीव आला, त्यामुळे मीही काही बोललो नाही. तिथेच चुकलं.

रविवारी पाचसहा मालक आले. नाश्ता आमच्याकडे, म्हणून सगळे घरून उपाशी निघालेले. आबांनी त्यांना चहा पाजला आणि थेट गोठ्याची वाट दाखवली. चुलीवर रस्सा रटरटत होता. दुपार झाली तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी अदबीने विचारलं, "आबा, दोन घास खाऊन घेतले तर?"

"औत सुटल्याबिगर पान न्हाई," आबा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे पुन्हा बॉनेटखाली शिरले. गाडी खोकायची, एक दणका द्यायची आणि गप्प व्हायची. दर खेपेला ओटीवरून आबांचा निकाल ठरलेला, "पेट्रोल येत न्हाई." पेट्रोल चांगलं येत होतं. ते काकांच्या बाहीवरसुद्धा आलं होतं. काका आणि आयटीवाला सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते, कारण प्लगच्या वायरी कोणत्या क्रमाने लावायच्या यावर त्यांचं बिनसलं होतं. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर दोघे नाइलाजाने बोलले, तेव्हा उघड झालं की अर्ध्या वायरी एकाच्या मताने लागल्यात आणि अर्ध्या दुसऱ्याच्या. कुणाचंही एक मत धरा, पण आता धरा, असं बाकीच्यांनी बजावलं. काकांचं धरलं. गाडी चालू झाली.

"पेट्रोल आलं," आबा म्हणाले.

सगळे बाजूला झाले. मी पुढची सीट पुसली, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आबांना दंडाला धरून आणलं. आबांनी बॉनेटवरून हात फिरवला, उघड्या दारावरून पुढे गेले आणि मागच्या दारापाशी थांबले.

"आबा, हिकडं. स्टिअरिंग हितं हाय."

"ठावं हाय मला. सगळा जलम तितंच बसलो. मागं न्हाई कदी बसलो."

हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मी मागचं दार उघडलं. ते सावकाश आत गेले, मधोमध बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पाहुण्यांचं जेवण आणखी लांबलं.

मी गाडी भातखाचरांमधल्या रस्त्याने हळूहळू नेली. आबा कधी या काचेतून बघत, कधी त्या. मग म्हणाले, "मागनं एवढं समदं दिसतंय, आन साहेब नुसता पेपर वाचीत बसायचं."