पगारेमामांच्या रश्श्याचं आडनाव

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चांदवडला होतो. "भट्टीपुढंच बसले आणि उठलेच नाहीत रे," मामी म्हणाली. महिना होत आला... मिसळ घशाखाली उतरत नाही.

माझे हे सख्खे मामा ओझरच्या कारखान्यात कॅन्टीनला आचारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हायवेला मिसळीचं हॉटेल टाकलं. काळ्या मसाल्याचा रस्सा असा, की पहिल्या घासाला माणूस घामाघूम, दुसऱ्याला सगळी पापं कबूल! तर्रीचा लाल तवंग बघून वरची विमानं सिग्नल समजून थांबतात, असं मी गावभर सांगायचो. मामा गंभीरपणे दुरुस्ती करत, "एकच थांबलं होतं. पायलटला पाव जास्त लागले." वणीला जाणारे भाविक, द्राक्षाचे व्यापारी, सगळे रांगेत. हात धुताना कुणीतरी विचारायचंच, "आडनाव काय म्हणायचं आपलं?" मामा म्हणत, "आधी रस्सा घ्या, गार होतोय."

धंदा असा जोरात असताना मामांना हुक्की आली. 'पगारे मिसळ' अशी खोलीएवढी पाटी रंगवून आणली. मामी म्हणाली, "अहो, नुसतं मिसळच राहू द्या की."

"अगं, चव लागलीय लोकांना. जीभ काय जात विचारते?"

जीभ नव्हती विचारत. गाड्या विचारत होत्या. वेग कमी करायच्या, पाटी वाचायच्या, पुढे जायच्या. कुणी भांडलं नाही, वाकडं बोललं नाही. रोजचे एक काका रस्त्यात भेटले तर म्हणाले, "डॉक्टरांनी तिखट बंद केलंय हो." घरी येऊन मामा म्हणाले, "अख्ख्या तालुक्याला एकच डॉक्टर दिसतोय." त्यानंतर ते फारसे हसले नाहीत. वर्षाच्या आत हॉटेल बंद झालं.

त्याच जागेत नवा मालक आला. पाटीवर चालणारं आडनाव आलं, आणि आचारी म्हणून आले मामाच. "मामा, तुम्ही फक्त पुढं येत जाऊ नका," एवढीच अट. रांग पुन्हा लागली, पार रस्त्यापर्यंत.

परवा जाऊन आलो. शेजारचा गृहस्थ भुरके मारत मला म्हणाला, "यांच्या घराण्याचा हात आहे हा. दुसऱ्या कुणाला नाय जमायचं." मी पापड मोडत राहिलो. मागच्या खोलीत मामांच्या पाटावर आता मामी बसते. रश्श्याला उकळी आली की त्यांच्यासारखाच तळहातावर थेंब घेऊन चाखते, डोळे मिटून मान हलवते... मग पातेलं पुढे जातं, आणि मधलं दार कुणीतरी पुढून ओढून घेतं.