अनुरेखकाच्या मुलीचा अर्ज

अर्जाचे पहिले सहा रकाने मी एका बैठकीत भरले आणि सातव्यापाशी आठ दिवस अडकून पडले. त्यात मागितलं होतं : स्वतःच्या डिझाइनच्या कामाचे किमान बारा नमुने सोबत जोडावेत. माझ्याकडे एकही नव्हता. मी गणितात बी.एस्सी. झाले होते, हिंगोलीच्या कॉलेजातून. हिंगोली तेव्हा परभणीपासून सुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, पण आर्किटेक्ट म्हणजे नेमकं काय करणारा माणूस, हे मला सांगू शकेल असं त्या जिल्ह्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

वडील पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते, म्हणजे ट्रेसर. सिद्धेश्वर धरणाच्या कॉलनीत आम्ही राहायचो. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ वर शाईनं पुन्हा ओढायची, एवढंच त्यांचं काम. आपल्या मनाची एक रेघ वाढवायची नाही, कमी करायची नाही. चुकलंच तर ब्लेडच्या टोकानं शाई अशी खरवडायची की कागदाला कळू नये. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत मोठ्या साहेबांचं नाव, मग धाकट्या साहेबांचं, मग तपासणाऱ्याचं आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ट्रेसरची आद्याक्षरं. लहानपणी मी ती शोधायचे आणि सापडली की कॉलनीभर सांगत फिरायचे, हे धरण माझ्या बाबांनी काढलं.

रेघ मारायला आणि नकाशावरची सरळ, उभी अक्षरं काढायला मी त्यांच्याकडूनच शिकले, वाया गेलेल्या कागदांच्या तुकड्यांवर. बारावीनंतर मला आर्किटेक्चरला जायचं होतं. त्यासाठी वेगळी परीक्षा असते हे आम्हाला कळलं तेव्हा ती होऊन गेली होती. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, बी.एस्सी. करा, मग बी.एड. होतं, मुलींना बरं पडतं. मी बी.एस्सी. केलं.

मग एक दिवस वडील ऑफिसातल्या वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन आले. मोठ्या शहरातल्या एका संस्थेची जाहिरात होती, घरं आणि वस्त्या यांच्या रचनेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. खाली बारीक टाइपात लिहिलं होतं, कोणत्याही शाखेचे पदवीधर पात्र. वडिलांनी त्या ओळीखाली पट्टी ठेवून शाईनं रेघ ओढली होती. मला म्हणाले, "कोणत्याही म्हणून राहिलेत. म्हणजे तुझीबी शाखा आली त्यात."

नमुन्यांसाठी काय काढायचं हे मला आत्याच्या घरी सुचलं. आत्या शिरड शहापूरच्या बाजूला एका खेड्यात दिली होती. तिचं घर बौद्धवाड्यात, गावापासून जरा तुटून. तुराट्यांच्या कुडाला मातीचा गिलावा, वर पत्रे, पुढं ओटा. तिची चूल अशी कोपऱ्यात मांडलेली होती की धूर माणसांवर न येता पत्र्याच्या फटीतून निघून जाई. शेजारच्या घरात चूल दुसरीकडं होती, कारण त्या घराचं तोंड दुसरीकडं होतं. एकाही घराला कुणी नकाशा काढून दिलेला नव्हता, तरी प्रत्येक घर कुणीतरी विचार करून बांधलेलं होतं. मी ठरवलं, हीच मोजायची. चौदा घरं. वडिलांनी ऑफिसातली लांब टेप दोन रविवारांपुरती आणून दिली.

टेप घेऊन फिरायला लागले तशी वस्तीत बातमी पसरली की घरकुलाची बाई आली. सरकारी योजनेतून पक्की घरं मंजूर होत होती आणि मोजमाप झालं की नाव लागतं असा लोकांचा समज होता. आत्या प्रत्येकाला सांगत होती की माझी भाची शिकून राहिली, तिच्या परीक्षेचं काम आहे. बहुतेकांनी मानलं. शेवटच्या घरातल्या म्हातारीनं मानलं नाही. ती एकटी राहायची. तिनं पेटीतून रेशन कार्ड काढलं, माझ्या पुढ्यात धरलं आणि म्हणाली, "माय, माझं नाव बराबर लिव्ह. मागल्या बारीला राहून गेलं."

तिचं घर सगळ्यात सुंदर होतं. एकाच खोलीत तिनं दोन पायऱ्यांचा उतार काढून निजायची जागा, रांधायची जागा आणि शेळीची जागा वेगळी केली होती. मला ते घर हवं होतं. नाही म्हटलं तर ती आत घेणार नाही, अशी मला भीती वाटली. मी वहीच्या कडेला तिचं नाव लिहिलं. तिनं मला कोरा चहा दिला आणि मी मोजमाप घेत असताना टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

चौदा घरांच्या चौदा शीट झाल्या. वडिलांच्या बोर्डावर, त्यांच्या पेनांनी, दीड महिना मी तेच करत होते. वडील मागं उभं राहून बघायचे, पण हात लावायचे नाहीत. एकदाच म्हणाले, हा 'र' तिरपा आला. मी तो खरवडून पुन्हा काढला. कोपऱ्यातल्या चौकटीत मी माझं पूर्ण नाव घातलं. मापं घेणारी, नकाशा काढणारी, शाई भरणारी, तिन्ही ठिकाणी एकच नाव. वडिलांना ते जरा अवघड वाटलं असावं. 

मुलाखतीचं पत्र आलं आणि आम्ही दोघं गेलो. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या बाकावर बसले. आत तिघं होते, दोन प्रोफेसर आणि एक प्राध्यापिका. त्यांनी शीट पसरल्या. एकेक शीट उचलून जवळून पाहिली, आणि मला मनातून वाटलं, जमलं.

मग त्यांतल्या वयस्क प्रोफेसरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

मी सांगितलं. त्यांनी शेजारच्याकडं बघून हसून मान हलवली. म्हणाले, अच्छा, म्हणून. शीट वडिलांनीच काढल्या असं त्यांना वाटतंय, हे मला कळायला वेळ लागला. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं सारलं आणि या खोलीचा प्लॅन काढून दाखवा म्हणाले. मी काढला. पावलांनी माप घेतलं, खिडक्या, दार, टेबल, त्यांच्या तीन खुर्च्या, सगळं. अक्षरंही घातली, शीटवरच्यासारखीच. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. शंका फिटली. पण आपण हिच्यावर आळ घेतला होता, असं काही त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. फक्त प्रश्न बदलला.

"हात चांगला आहे. पण हे आहे ते उतरवणं झालं. यात तुमचं डिझाइन कुठं आहे?"

मी म्हणाले, डिझाइन त्या लोकांचं आहे, मी ते समजून घेतलंय, इथं मला ते पुढं शिकायचंय. दुसऱ्या प्रोफेसरांनी विचारलं, गावात जुने मोठे वाडे असतील, ते का नाही मोजले, त्यांत खरी वास्तुकला दिसली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं मला माजघरापर्यंत कोण जाऊ देणार होतं, सर?"

मग त्यांनी मला चित्रपट कोणते पाहता, कुठे कुठे प्रवास केलाय, परदेशातल्या कुठल्या इमारती आवडतात, असलं विचारलं. मी परभणी आणि नांदेड सांगितलं.

निघताना प्राध्यापिका दारापर्यंत आल्या. आवाज मऊ होता. म्हणाल्या, "ह्या शीट राहू देत आमच्याकडे. अभ्यासाला चांगल्या आहेत." मला तो मान वाटला. बाहेर येऊन वडिलांना मी पहिलं तेच सांगितलं, की शीट ठेवून घेतल्या. वडील खूश झाले. ठेवून घेतलं म्हणजे पसंत आहे, म्हणाले. परतीच्या वाटेत त्यांनी शेजारी बसलेल्या माणसालाही ते सांगितलं.

तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं. डिझाइनची पार्श्वभूमी नसल्यामुळे प्रवेश देता येत नाही. जाहिरातीत कोणत्याही शाखेचे म्हटलं होतं, ते कात्रण वडिलांनी पत्राशेजारी ठेवून दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली. जणू मोजमापात कुठं तरी फरक पडला होता आणि तो सापडला की बेरीज जुळणार होती. पुढच्या वर्षी मी परत अर्ज मागवला. त्यातली ओळ बदलली होती. फक्त आर्किटेक्चरचे पदवीधर.

मी बी.एड. केलं. औंढा तालुक्यातल्या एका शाळेत लागले आणि लग्न झालं.

तीन-चार वर्षांनी आत्याचा निरोप आला की शहरातली लेकरं आलीत, तुझ्यासारखीच टेपा घेऊन फिरून राहिलीत. रविवार होता, मी गेले. वस्तीत पंधरा-वीस विद्यार्थी होते, गळ्यात कॅमेरे, हातात कागद. म्हातारीच्या घरासमोर दोन मुली भिंतीला टेप लावून वाद घालत होत्या. त्यांच्या हातातला कागद मला लांबूनच ओळखू आला. माझ्या शीटची झेरॉक्स होती. माझी अक्षरं, माझा उतार, माझी शेळी. कोपऱ्यातली चौकट मात्र नवी होती. तिथं संस्थेचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, विभागाचे सर्वेक्षण.

एक मुलगी मला गावातली समजून म्हणाली, "मागच्या लोकांनी चुकीचं मोजलंय हो. ही भिंत दीड फूट आत आहे."

मी म्हणाले, "बरोबर मोजलं होतं. ती भिंत पडली. ही नंतरची आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, आणि पेन्सिलीनं दुरुस्ती केली. तुम्हाला कसं माहीत, हे तिनं विचारलं नाही.

प्राध्यापिका चिंचेखाली उभ्या होत्या. मी समोर जाऊन नाव सांगितलं. त्यांना आठवायला थोडा वेळ लागला, पण आठवल्यावर त्यांना खरंच आनंद झाला, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, तुमच्या शीटचा आम्हाला फार उपयोग होतो, दरवर्षी मुलांना दाखवतो. मी विचारलं, त्यावर माझं नाव का नाही. त्या म्हणाल्या, अहो, झेरॉक्स करताना तो कोपरा गेला असेल. आणि पुढं म्हणाल्या, ज्ञान असं एकाचं नसतं, हे तर वस्तीचं आहे.

मी म्हणाले, "मग मला का नाही घेतलं, मॅडम?"

"तुम्ही टिकला नसता," त्या म्हणाल्या. "इंग्रजी, तिथली मुलं, ते वातावरण. तुमच्या भल्याचाच विचार केला आम्ही."

मला पुष्कळ बोलायचं होतं. बोलणार तोच म्हातारी आली. तिला आता कमी दिसत होतं. पण मला तिनं आवाजावरून ओळखलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं की घरकुलाचं काय झालं. तिची एक भिंत पडली होती आणि तिनं ती दीड फूट आत घेऊन एकटीनं उभी केली होती. जुन्या जागी घेण्याइतकी माती तिच्याच्यानं आणवली नव्हती. एवढी वर्षं ती वाट बघत होती. आत्यालाही तिनं चार-पाचदा विचारलं होतं, आणि आत्यानं माझी लाज राखून मला कळवलं नव्हतं.

त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. मी घरकुलाची नव्हते, माझ्या शिक्षणासाठी मोजलं होतं, नाव मी नुसतं वहीत लिहिलं होतं.

ती चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग मला सांगितलं काहून न्हाई?"

प्राध्यापिका ऐकत होत्या. मॅडमना जे बोलायचं होतं ते सोडून मी म्हातारीचा हात धरला आणि तिला तिच्या घराकडं घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात मी म्हातारीला घेऊन ग्रामपंचायतीत गेले, अर्ज भरला, कागद जोडले. यादीत तिचं नाव लागलं ते ती गेल्यावर.

शीटबद्दल मी वडिलांना सांगितलं. ते निवृत्त होऊन हिंगोलीत आले होते. मला वाटलं होतं ते संतापतील. त्यांनी आधी विचारलं, झेरॉक्समध्ये रेघ फुटली होती का. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग शाई चांगली पडली होती." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझं ठीक होतं. मला पगार त्याचाच होता. तुझं नाव काढायचं कारण नव्हतं."

त्यांनीच मला पत्र लिहायला लावलं. चौदा शीट परत कराव्यात आणि वापरायच्या असतील तर नावासह वापराव्यात, एवढाच मजकूर. मी रागानं तीन पानं लिहिली होती. त्यांनी बसून ती एका पानावर आणली, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि मला पुन्हा सुवाच्य लिहायला सांगितलं. आम्ही दोघं पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं.

उत्तर आलं नाही. पोचपावती तेवढी आली. तिच्यावर कुणाची तरी सही आहे. वडिलांनी चष्मा पुसून पुसून ती सही उलगडायचा प्रयत्न केला, मीही केला. कुणाची ते आम्हाला शेवटपर्यंत वाचता आलं नाही.