दोन बैलांच्या मधलं इंजिन

माझे काका आफ्रिकेतून तांड्यावर परतले, त्या वर्षी मी यवतमाळला शिकत होतो आणि रेल्वे कंपनीविरुद्ध पत्रकं वाटत होतो. काकांना तांड्यात झोपडीपुरती जागा हवी होती, बाकी काही नाही. पण समुद्रापलीकडे राहिलेल्या माणसाला पंचायतीनं पुन्हा आत घ्यावं लागतं. पंचायत बसली त्या दिवशी मीही तांड्यावर आलो होतो. तांड्याच्या नायकानं अट घातली: तिकडं काय करत होतास ते खरं सांग, खोटं निघालं तर चालता हो.

काकांनी खरं सांगितलं, तिथंच चुकलं.

तिकडच्या रेल्वेत ते इंजिन पुसायचे, तेल द्यायचे. इंजिन कसलं, दोन चाकगाडे: एक पुढं, एक मागं, मधे टांगलेला एकच बॉयलर, दोन्ही टोकांना खिळ्यावर फिरणारा. वळणावर अख्खं धूड सापासारखं वाकायचं. असं का, ते काकांनी सांगितलं नाही, मी सांगतो. साहेबाला डोंगरापलीकडचा माल बंदरावर हवा होता, पण भक्कम रूळ टाकताना त्याचा हात आखडला. हलक्या रुळावर जड इंजिन चालेना, म्हणून वजन दोन गाड्यांवर वाटलं आणि आफ्रिकाभर असली इंजिनं पळवली. आपल्या कापसासाठी चिंचोळी लाईन टाकून मोकळे झाले तेही असलेच.

पंचायत हसली. आमचे आजे-पणजे लदेणीवाले, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवणारे. एक ओझं दोन बैलांच्या मधे टांगून चालत नाही, हे आमच्यात कोणीही सांगेल.

नायक म्हणाला, "दाखव मंग. तुह्या भावाचे बैल आण."

भाऊ म्हणजे माझा बाप. बैल एकामागं एक उभे केले, मधे दोन बांबूंवर पाण्यानं भरलेलं पिंप टांगलं. काका हात जोडून सांगत होते की बांबूंची टोकं सैल ठेवा, फिरू द्या, सगळी खुबी त्यातच आहे. पण सैल गाठ म्हणजे लदेणीवाल्याची नाचक्की. ज्याचं ओझं वाटेत हललं, त्याला पूर्वी पोरगी देत नसत. नायकानं स्वतः गुडघा रोवून गाठी आवळल्या.

"ढिल्ली गाठ तिकडं, गोऱ्याच्या मुलखात," तो म्हणाला. सगळे पुन्हा हसले.

नाल्याच्या उतारावर वळण आलं. पुढचा बैल वळला आणि ताठ बांबूंनी मागच्याला आडवं फेकलं. पिंप त्याच्या पायावर बसलं. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तो हंबरत राहिला, पण गाठी सुटेनात, विळ्यानं कापाव्या लागल्या. नायकानं दोराचा तुकडा उचलून पोरांना दाखवला. "पाहा. सुटली काय?"

निवाडा तिथंच झाला: माणूस खोटा, वर बैलाचा घातकी. मी उठून म्हणालो की गाठ नायकानं बांधली.

"पत्रकवाल्या, बस खाली," एक म्हातारा म्हणाला. "तुह्या कागदानं बैल उठते काय?"

काका माझ्या बापाकडे पाहत होते. नुकसान बापाचं झालं होतं. त्यानं माफ केलं असतं तर पंचायतीला बोलायला जागा उरली नसती.

"भाऊबी माहा, बैलबी माहा," बाप म्हणाला. "बैल कामाचा होता."