डाळीएवढा जॅम

आटपाडीची दगडाबाई पाचगणीच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. १९४४ साली तिथला खानसामा पलटणीत भरती झाला. शाळेची मोठी मडम तिला म्हणाली, आज पाहुण्यांच्या चहाला जॅमची बिस्किटं जमली तर त्याची जागा तुझी. नाहीतर नवा खानसामा आपली माणसं घेऊन येईल. म्हणजे भांड्यांचं कामही गेलं. गावाकडे दुष्काळानं मेंढरं कधीच विकली गेली होती.

तिनं लोणी, साखर आणि मैदा मळून गोळे केले, अंगठ्यानं खळगे पाडले आणि जॅम काठोकाठ भरला. पुरण कमी भरणाऱ्या सुनेला तिच्या घरी नावं ठेवत. भट्टीत जॅम उकळला, उतू गेला आणि पत्र्यावर करपला.

"पावण्यांस्नी कोळसं वाढ आता," आया शालूबाई म्हणाली.

"गप ऱ्हा गं. मैदा किती हाय बघ."

मैदा बारा बिस्किटांपुरताच उरला होता. या खेपेला दगडाबाईनं खळग्यात डाळीएवढाच जॅम सोडला. इतकं कमी भरताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. बाहेर कपबशा वाजू लागल्या. तिनं भट्टीचं दार उघडलं. जॅम जागच्या जागी चमकत होता.

मडमनं एक बिस्कीट सावकाश खाल्लं, दुसरं उचललं आणि तेही संपवलं.

"उद्या शंभर मुलींचा चहा आहे. जमेल?"

दगडाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले.

"जमंल," ती म्हणाली.