बर्फ पाहिलेल्याची कथा

आमच्या इंग्रजीच्या मॅडमची आठवण आली की अजूनही डोक्यात तिडीक जाते. बाई वाईट होत्या असं नाही. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

एमएच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. इंटर्नलसाठी प्रत्येकानं एक अमेरिकन लघुकथा निवडायची, तिच्यावर लिहायचं आणि वर्गात बोलायचं. मॅडमनी झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "निवांत वाचा, जी भिडेल ती घ्या," म्हणाल्या. मी बावळट, खरंच सगळ्या वाचल्या. बाकीच्यांनी नुसती पानं मोजली.

मला भिडली ती बर्फाची. दोन भाऊ, एकमेकांशी अबोला. बाप मेलेला, त्याचं घर रिकामं. तरी दर हिवाळ्यात दोघं येतात आणि छप्पर खचू नये म्हणून वरचा बर्फ फावड्यानं ओढून काढतात. दिवसभर काम, शब्द एक नाही. संध्याकाळी आपापल्या गाडीत बसून निघून जातात. संपली कथा.

मी हादरलेच. अरे, हे तर आमच्या घरचं! मला कळायला लागल्यापासून बाबा आणि काका बोलत नाहीत. बाबा घरात काकांचं नावसुद्धा काढत नाहीत. पण पारशिवनीकडे आजोबांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर आहे, तिथं आता कोणी राहत नाही. दर उन्हाळ्यात दोघं तिथं जातात आणि पावसाच्या आधी कवेलू फेरतात, म्हणजे फुटके काढून सगळे पुन्हा नीट बसवतात. काका खालून एकेक कवेलू देतात, बाबा वर बसवतात. फुटका आला तर बाबा गुपचूप बाजूला ठेवतात. हे दोघं काहून जातात तिथं, हे मला कधी समजलं नव्हतं. ती कथा वाचून थोडं समजलं.

जेवताना बाबांना सगळी सांगितली. बाबा पोस्टात क्लार्क, कथाबिथा वाचणारे नाहीत. पण त्यांचा घास हातातच राहिला.

"मंग? बोलले का शेवटी?"

"नाही."

"हं," म्हणाले आणि भात कालवत बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे नाव द्यायला गेले. त्यांनी झेरॉक्स पाहिली, मग मला पाहिलं. गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, ही तुला जरा लांबची पडेल." आणि दुसरी काढून दिली. गोऱ्यांच्या घरी जन्मभर फरशी पुसणाऱ्या काळ्या मोलकरणीची. "ही घे. तुझ्याकडे तो अनुभव आहे ना, आतून लिहिशील."

आम्ही बौद्ध, हे नागपुरात आडनावावरूनच कळतं. आडनाव आणि जरीपटक्याचा पत्ता, एवढ्यावर बाईंनी माझं आतलं सगळं ओळखलं! माझी आई शाळेत शिकवते. आमच्याच घरी भांड्याला बाई येते. कथा चांगली होती हो, फार चांगली होती. पण मी ती निवडली नव्हती.

"मॅडम, मला ही बर्फाचीच पाहिजे."

"ती दिली मी," त्यांनी धरमपेठच्या एका मुलाकडे बोट दाखवलं. "तो बहिणीकडे अमेरिकेला जाऊन आलाय. बर्फ पाहिलाय त्यानं."

बर्फ पाहिलाय म्हणे! म्हणजे आम्ही काय फक्त बर्फाचा गोळा खायचा? पण मार्क त्यांच्या हातात. तोंड मिटून मोलकरणीचीच घेऊन आले.

त्या मुलानं वर्गात सांगितलं, कथेत तसं काही घडत नाही, पण बर्फ हे मृत्यूचं प्रतीक आहे. टाळ्या पडल्या. माझ्या वेळी मॅडमचे डोळे भरून आले. "बघा, जगलेलं लिहिणं असं असतं," त्या वर्गाला म्हणाल्या. मी ते लायब्ररीतल्या दोन पुस्तकांवरून लिहिलं होतं. मार्क सगळ्यांत जास्त मलाच. इतकी किळस मला कोणत्याच मार्कांची आली नाही.

घरी आले तर बाबा दारातच उभे.

"सांगितली का वं त्या भावांची गोष्ट?"

"ते दुसऱ्याले दिली, बाबा."

"काहून?"

"त्यानं बर्फ पाहिला आहे म्हणून."

मी चपला काढून आत निघाले, तेव्हा बाबा मागून हळूच म्हणाले, "पण ते तं आपली होती ना वं."