आमच्या व्याह्यांचा हवेतला चौकोन

फोन कानाला नीट लाव, सुमन, आणि आधी ते हसू पूस. परवा फोनवर "मावशी, तुझे व्याही अजून रेफ्रीला शिव्या देतात का गं?" म्हणून खिदळलीस, ते मला मुळीच आवडलं नाही. एक तर आमचे व्याही रेफ्रीला शिव्या देत नाहीत. देणाऱ्याला घराबाहेर काढतात. आणि दुसरं म्हणजे, मनमाडपासून नाशिकपर्यंत आमच्या व्याह्यांइतका न्यायी माणूस जन्मलेला नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. त्यांच्याइतका वैताग आणणाराही जन्मलेला नाही, पण ते वेगळं. पुण्याला बसून तुला काय कळणार? सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

आमचे व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. जन्म मनमाडचा, सगळी नोकरी रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून, आणि आता नाशिक रोडला कॉलनीत वरच्या मजल्यावर घर. मालगाडीचा गार्ड सगळ्यात शेवटच्या डब्यात बसतो, एवढं तर तुला माहीत असेल. हिरवा झेंडा, लाल झेंडा, शिट्टी आणि नजर, एवढाच त्यांचा संसार. "विहीणबाई, पन्नास डब्यांच्या गाडीत विसाव्या डब्याची कडी हलली तरी मला मागून दिसायची," असं ते मला लग्नाच्या बोलणीत सांगून चुकले होते. हुंड्याचं नाव नाही, मानपानाचं नाव नाही, नुसतं नजरेचं कौतुक. मी मनात म्हटलं, मुलगी चांगल्या घरी पडतेय, पण तिने साखर सांडली तर लपणार नाही.

नोकरी रेल्वेची, पण जीव फुटबॉलमध्ये. तरुणपणी मनमाडच्या रेल्वे ग्राउंडवर रेफ्री म्हणून शिट्टी फुंकायचे ते हेच. पुढे टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस दिसायला लागल्या आणि त्यात ते व्हिडिओ बघून निर्णय द्यायचं निघालं, तेव्हा यांना कोण आनंद! रेफ्री दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत टीव्हीसारखा चौकोन काढतो आणि बाहेर जाऊन पडद्यावर पुन्हा बघतो, ते तू पाहिलं असशील. व्याह्यांनी तो चौकोन थेट घरात आणला. दूध उतू गेलं, गॅस कोणी मोठा ठेवला? चौकोन. पंखा कोणी चालू ठेवला? चौकोन. माझी लेक आणि तिची सासू वाद घालत असल्या की हे दोघींच्या मध्ये उभे राहतात, हवेत चौकोन काढतात, मागे हात बांधून बाल्कनीत जातात, दोन मिनिटं रस्त्याकडे बघतात आणि परत येऊन सांगतात, "पुरावा अपुरा. मूळ निर्णय कायम." मूळ निर्णय काय होता हे तोवर दोघी विसरलेल्या असतात. माझी लेक म्हणते, "आई, आमच्या घरात भांडण टिकतच नाही गं, चौकोनात संपतं."

पण या माणसाने पहिल्यांदा माझं मन जिंकलं ते लग्नात. शेवटचं 'सावधान' व्हायच्या आत कोणी तरी उतावळ्याने अक्षता टाकल्या, अंतरपाट खाली आला आणि एकच गोंधळ उडाला. आमच्याकडचे म्हणाले आमच्या मुलीने हार आधी घातला, त्यांच्याकडचे म्हणाले आमच्या मुलाने. माझा धाकटा दीर तर बाह्या सरसावून उभा. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा बाप फेटा सावरत मधोमध आला आणि त्याने हवेत चौकोन काढला! शूटिंगवाल्याला बोलावून कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर तीनदा बघितलं. भटजी थांबले, वाजंत्री थांबली, चारशे माणसं माना लांब करून उभी. मग व्याह्यांनी मान वर केली आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल दिला. "हार मुलीने आधी घातला. वाजवा!" सगळा मांडव हसला. मी मात्र त्या दिवशी निश्चिंत झाले.

आता त्यांचा शनिवार ऐक. शनिवारी संध्याकाळी मॅच असते. मी आमच्या मखमलाबादच्या मळ्यातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसने निघते, द्वारकेच्या चौकात अर्धा तास अडकते आणि नाशिक रोडला पोचते तोवर खालच्या मजल्यावरचे, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले काका येऊन बसलेले असतात. या काकांचा त्या व्हिडिओवर भारी राग. "अहो, गोल झाला की माणसाने नाचायचं की थांबायचं? तीन मिनिटं खुर्चीतून अर्धवट उठून बसलोय मी, कंबर धरली! आणि रद्द कशासाठी, तर नाक पुढे होतं म्हणून?"

"नाकाने गोल मारता येतो, नाक धरलं जातं," व्याही सांगणार.

"मग नकट्यांचीच टीम काढा!"

"काका, न्यायाला वेळ लागतो."

"न्याय मिळतो हो, पण मजा जाते त्याचं काय?"

व्याही उठून, सुशीलाताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, शिवणाची पट्टी टीव्हीच्या काचेला लावून रेघ तपासणार. सुशीलाताई आतून ओरडणार, "काचेला चरे पडतील!" आणि मी कोथिंबीर निवडत ऐकणार. खोटं कशाला सांगू, ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना समोरच्या टीमच्या शेवटच्या बॅकच्या पुढे असणं, मला तिथेच कळलं. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं सगळं मी असंच बसल्या बसल्या शिकले.

मात्र एक नाव त्या घरात घ्यायचं नाही असा दंडक होता. नामदेव. मनमाडच्या शेडमध्ये फिटर, व्याह्यांचा लहानपणापासूनचा जिवलग, आणि असा खेळाडू की पायाला गूळ लावल्यासारखा बॉल चिकटायचा म्हणे. चाळीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या ढालीच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला नामदेवने गोल मारला आणि व्याह्यांनी शिट्टी वाजवून तो नाकारला. ऑफसाइड. ढाल गेली. नामदेव जवळ आला, भांडला नाही, एवढंच म्हणाला, "तुला दिसलं नाय आणि तू शिट्टी मारलीस." त्यानंतर चाळीस वर्षं शब्द नाही. पुढे दोघंही रिटायर होऊन नाशिक रोडलाच आले, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. एकमेकांना बघून रस्ता बदलायचे. ज्याच्या नजरेचं रेल्वेत नाव, त्याला "दिसलं नाय" म्हणणं म्हणजे काय ते तूच समज. तो सल व्याह्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण टीव्हीवर ऑफसाइड आला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या जुन्या शिट्टीवर जायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर सुशीलाताई बाजारातून आल्या आणि त्यांनी दंडक मोडला. "नामदेवभाऊजींना काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. डाव्याचंही थोडंच उरलंय, डॉक्टर म्हणतात गेलेलं परत येत नाही."  त्या शनिवारी व्याह्यांनी मॅच लावली, पण बघितली नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी ताटातल्या वाट्या उचलल्या आणि टेबलावर मांडायला लागले. ही आमटीची वाटी गोलकीपर, हे दोन पेले समोरच्या टीमचे बॅक, हे लिंबू नामदेव.

"बघा विहीणबाई, पास सुटला तेव्हा लिंबू इथे. पेल्यांच्या पुढे. ऑफसाइड. अगदी स्वच्छ."

मी सहज विचारलं, "आणि तुम्ही कुठे उभे होतात?"

त्यांनी मिठाची बाटली उचलली आणि ठेवली. पार मागे, पेल्यांच्या आणि लिंबाच्या पाठीशी.

"त्या बाजूचा लाइनमन?"

"गाडीची वेळ झाली म्हणून पंधरा मिनिटं आधीच ड्युटीवर गेला होता."

"अहो, मग तुम्हाला कसं कळलं? औताचे दोन बैल जोडीने चालतात, त्यातला कुठला पाऊलभर पुढे आहे हे मागून नाही दिसत. बांधावर उभं राहून, बाजूने बघावं लागतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. व्याही त्या मिठाच्या बाटलीकडे बघतच राहिले. सुशीलाताईंनी ताटं उचलली, तरी ती बाटली त्यांनी हलवू दिली नाही. शेवटी म्हणाले, "मी गार्ड होतो ना. जन्मभर मागे उभं राहून बघायची सवय. तिथेही मागेच उभा राहिलो." आणि मग, अगदी हळू, "नाम्या म्हणाला ते खरं होतं. मला दिसलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. मी रात्री लेकीकडेच राहिले होते, मला म्हणाले, "तुम्ही चला. तुमच्या प्रश्नाने सुरू झालंय हे." मी मेथीची जुडी घेतली, मोकळ्या हाताने कोणाकडे जाववत नाही. नामदेवराव ओसरीत खुर्चीवर बसले होते, कृश झालेले, पण पायाच्या पोटऱ्या अजून फुटबॉलवाल्याच्या. व्याही समोर उभे राहिले आणि तोंडाने काही न बोलता त्यांनी हवेत चौकोन काढला. चांगला मोठा, ठसठशीत. नामदेवरावांनी मान तिरकी केली. "कोण हाय? काय हातवारे करताय?"

त्यांना तो दिसलाच नव्हता.

व्याह्यांचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि शिट्टी फुंकली. एकदा लांब, एकदा आखूड. नामदेवराव खुर्चीचे हात धरून ताठ झाले. "मनमाडची शिट्टी," म्हणाले. "आत्ता आलास व्हय?"

"निर्णय बदललाय," व्याही म्हणाले.  "मी मागे उभा होतो. मला दिसलं नव्हतं. गोल दिला, नाम्या."

 नामदेवराव म्हणाले, "मी ऑफसाइड होतो, लेका."

"काय?"

"हातभर पुढं होतो. पाय टाकतानाच कळलं होतं मला."

"मग चाळीस वर्षं तोंड फिरवून का बसलास, माणसा?"

"तू बघून शिट्टी मारली असतीस, तर ढाल गेली तरी गप बसलो असतो. न बघता मारलीस आणि वर बरोबर निघालास, त्याचा लय राग आला."

आणि सुमन, तिथून जी जुंपली! हे म्हणतात गोल दिला, ते म्हणतात मी घेत नाही. हे म्हणतात रेफ्रीचा निर्णय अंतिम, ते म्हणतात तूच आत्ता बदललास ना. नामदेवरावांची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं बोलत नव्हते तेच बरं होतं बाई!" आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. त्या दोघांनी नाही पुसले. भांडायला वेळ कमी पडत होता.

आता दर शनिवारी व्याही स्वतः दोन गल्ल्या चालत जातात आणि नामदेवरावांना हाताला धरून आणतात. टीव्ही समोर असतो, पण नामदेवराव बघतात ते व्याह्यांच्या तोंडून. ज्या नजरेवर चाळीस वर्षं विश्वास ठेवला नाही, तीच आता त्यांची नजर. वादाचा प्रसंग आला की प्रेसमधले काका कंबर धरून कुरकुरतात, आणि नामदेवराव विचारतात, "तू कुठं उभा हाईस?" व्याही सांगतात, "बाजूला. कॅमेऱ्याच्या रेषेत." "मग बोल." आणि हे बोलतात, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, आपली आवडती टीम हरत असली तरी.

गेल्या शनिवारी गोल झाला आणि टीव्हीवरचा रेफ्री थांबला.  नामदेवरावांनी हळूच विचारलं, "काढला का रे त्यानं चौकोन?"  व्याह्यांनी नामदेवरावांचा हात उलटा केला आणि आपल्या बोटाने तळहातावर चौकोन काढला. चार रेघा, सावकाश. नामदेवरावांनी मूठ मिटून घेतली आणि निकाल लागेपर्यंत उघडली नाही.

तेव्हा बाई, तुझं ते हसू तिकडेच ठेव आणि येत्या शनिवारी ये. सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवायला पोचशील, मेथीची भाजी करते. दिवाळीला येईन, सुट्टीत येईन, असं सांगू नकोस. नामदेवरावांना दारातल्या उजेडात उभं राहिलेलं माणूस अजून थोडं कळतं. मी त्यांना सांगून ठेवलंय, माझी भाची येणार आहे, चांगली उंच आहे. ते त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. लवकर ये.