रेडिओवरची बाई

शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता: मुलीशी तुमचं नातं. मी तिथे बेधडक ‘आन्ट’ असं लिहिलं. ऑफिसातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "आईची बहीण का?" मी म्हटलं, "हो." पोरगी जन्मापासून मला मावशी म्हणत होती, तेव्हा दुसरं काय म्हणणार? तिची आई माझी कुणीच लागत नाही हे माझ्या लक्षात आलं ते बाहेर पार्किंग लॉटमध्ये, गाडीचं दार उघडताना. परत जाऊन दुरुस्ती करावी असं वाटलं. पण मी जात्याच घाबरट, आणि घाबरट माणूस एकदा बोललेलं खोटं सोडत नाही, घट्ट धरून बसतो.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहत होतो. तेव्हा तिथे मराठी माणसं इतकी कमी होती, की नवीन आलेलं कुणीही टेलिफोनच्या जाड पुस्तकात ओळखीची आडनावं शोधायचं आणि सरळ फोन लावायचं. माझ्या मैत्रिणीनं मला तसंच शोधलं. "तुम्ही मराठी का हो?" हे तिचं पहिलं वाक्य. ती पुण्याची, मी नागपूरची, त्यामुळे वरण गोड असावं की तिखट यावर आमचं अकरा वर्षं भांडण चाललं. तिची मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलात मी होते. तिचा नवरा हार्ट अटॅकनं अचानक गेला तेव्हाही मीच होते. आम्हाला स्वतःचं मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मुलगी दहा वर्षांची असताना मैत्रिणीच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन अटलांटाला झालं. गाठ साधी निघाली, पण पाय लुळे पडले होते आणि पुन्हा चालायला शिकायला महिनोन् महिने तिथेच राहावं लागणार होतं. ऑपरेशनला जाताना तिनं मुलीची बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझ्याकडे आहे म्हटल्यावर मला घोर नाही." तिचा घोर गेला तो सरळ माझ्या मानेवर येऊन बसला.

गणपतीच्या जेवणाला आम्ही कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमलो होतो. तिथे एका काकांनी पुरीचा तुकडा मोडत सांगितलं की, इकडे रक्ताचं नातं नसलेल्या माणसाकडे मूल सापडलं तर सरकार उचलून नेतं आणि परक्या घरी ठेवतं. कुणाचं नेलं, कुठे नेलं, हे त्यांना काही सांगता येईना. मला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून शाळेची पिवळी बस वळणावर दिसेपर्यंत मी खिडकीत उभी राहायचे. दारावर कुणी आलं की आधी पडदा सारून त्याच्या हातात फाईल आहे का ते बघायचे. एकदा व्हॅक्यूम क्लीनर विकणारा आला, तर मी मुलीला मागच्या खोलीत पाठवलं.

पोरगी शांत होती. रडायची नाही, चित्रं काढायची. माझा नवरा ऑफिसातून कॉम्प्युटरचे वाया गेलेले कागद आणायचा. एका बाजूला हिरवे पट्टे, कडेला भोकं, आणि घडीवर घडी असलेला न संपणारा लांबलचक कागद. त्याच्या कोऱ्या बाजूला तिनं चौकटी आखून एक गोष्ट सुरू केली. अंतराळयानाची गोष्ट. डोकावलं की ओरडायची, "मावशी, डोन्ट लुक! अजून फिनिश नाही झालंय."

मी अर्थातच बघायचे, ती शाळेत गेल्यावर. त्या यानावर कुणीच कुणाचं नव्हतं. ज्यांचे ग्रह फुटले किंवा हरवले अशी माणसं तिनं गोळा केली होती. तीन हातांचा स्वयंपाकी, मालकाचं नाव विसरलेला रोबो, आणि एक लहान मुलगी, जिची आई बरं होण्यासाठी दूरच्या निळ्या ग्रहावर गेली आहे. यान चालवणारा ढेरपोट्या माणूस आमच्याच घरातला आहे, हे चष्म्यावरून कळत होतं. आणि कानाला यंत्र लावून रेडिओवर बसलेली, अंबाडा घातलेली बाई म्हणजे मी. एका पानावर ती दोघं खिडकीशी उभी होती. तो खिडकीची काच पुसतोय, ही फडकं धरून उभी आहे, आणि दोघांचे खांदे टेकलेले आहेत. आम्ही रोज भांडी अशीच घासायचो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि आम्ही एकमेकांवर इतकं प्रेम करतो हे मला त्या पानावर पहिल्यांदा दिसलं. मी स्वयंपाकघरात एकटीच लाजले.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

मैत्रिणीचा फोन बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसातला यायचा. फोन झाला की पोरगी गप्प व्हायची, जेवायची नाही. एका बुधवारी तिला ताप होता आणि ती खरंच झोपली होती. मी म्हटलं, "झोपली गं." मैत्रीण म्हणाली, "बरं, झोपू दे." किती सोपं होतं! पुढच्या रविवारी पोरगी माझ्या नवऱ्याबरोबर जमिनीवर पालथी पडून रोबोला रंग देत होती, दोघं खिदळत होती. फोन वाजला, मी आतल्या खोलीत जाऊन उचलला, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "झोपली गं." मग मधूनमधून ते होऊ लागलं. पोरीला त्रास नको म्हणून करते, असं मी स्वतःला समजावत होते. थाप होती ती. त्या खिदळण्यात तिच्या आईचा आवाज मला नको होता. मैत्रीण बरी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि ती लवकर बरी होऊ नये असंही तितक्याच मनापासून वाटत होतं.

मार्चमध्ये शाळेतून चिठ्ठी आली. काउन्सेलर बाईंना गुरुवारी दोन वाजता भेटा, मुलीच्या चित्रांबद्दल बोलायचं आहे.

पोरीनं ती चित्रं शाळेत नेली होती! ‘कुणीच कुणाचं नाही’ हे तिनं स्वतःच्या हातानं चौकटी आखून लिहून दिलं होतं.

"अहो, आता काय करायचं?" मी नवऱ्याला विचारलं.

"खरं सांगून टाक ना. त्यात काय एवढं?"

"आणि नेलं तिला तर?"

जेवताना त्यानं आमटी दोनदा वाढून घेतली आणि दोन्ही वेळा तशीच ठेवली. मग मला कळलं की तोही घाबरलाय.

गुरुवारी मी ठेवणीतली साडी नेसले, म्हणजे मी घरंदाज दिसेन. पर्समध्ये मैत्रिणीचे आणि माझे एकत्र फोटो घेतले. एका फोटोत आम्ही सारख्याच काठाच्या साड्या नेसलो होतो. तो वर ठेवला. पाहणाऱ्याला बहिणी वाटतील इतपत नाकं जुळत होती. गाडीत सगळं घोकलं: वडिलांचं नाव, आईचं नाव, बहिणी असून माहेरची आडनावं वेगळी का आहेत त्याचं कारण. सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा गाडी पुढे घेतली.

काउन्सेलर बाई म्हाताऱ्या होत्या, थोराड, दोन्ही मनगटांत लाकडी बांगड्या. टेबलावर तो हिरव्या पट्ट्यांचा कागद उलगडून ठेवला होता, इतका लांब की टोक जमिनीवर लोळत होतं. त्यांनी आधी कौतुक केलं. गावातल्या मुलांच्या प्रदर्शनात हे पाठवायचं आहे, तुमची सही हवी, म्हणाल्या. मी श्वास सोडला. इतकंच? सही करायला मी पेन उचललं.

"फक्त एका पानाबद्दल विचारायचं होतं," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ते पान मी पाहिलेलं नव्हतं. निळ्या ग्रहावरून हाक येते: माझी मुलगी आहे का तिथे? अंबाड्याची बाई रेडिओवर वाकून सांगते: ती झोपली आहे. पुढच्या चौकटीत दार किंचित उघडं, आणि दारामागे मुलगी उभी. तिचे डोळे तिनं फार मोठे काढले होते.

"मी तिला विचारलं," बाई म्हणाल्या, "की ही रेडिओवरची बाई वाईट आहे का? तर म्हणाली, नाही, ती वाईट नाही. तिला भीती वाटते की मी गेले तर यान रिकामं होईल."

मला घोकलेलं एक अक्षर आठवेना. मी त्या परक्या बाईंसमोर, ठेवणीतल्या साडीत, हमसून हमसून रडले आणि सगळं सांगितलं. फॉर्म खोटा आहे, मी सख्खी बहीण नाही, चुलत नाही, मावस नाही, टेलिफोनच्या पुस्तकातून झालेली बहीण आहे, आणि फोनचंही. त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. माझं रडणं ओसरल्यावर कोरडेपणानं म्हणाल्या की, मुलीच्या आईनं सही केलेलं पत्र फाईलला हवं, ते दोन आठवड्यांत आणा. आणि ते कसं मागायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

म्हणजे फोन मलाच करायचा होता. बुधवार नव्हता, रविवारही नव्हता. घरी आल्यावर साडीसुद्धा न बदलता मी अटलांटाचा नंबर फिरवला. मैत्रिणीनं घाबरूनच विचारलं, "काय झालं? बरी आहे ना ती?"

मी आधी पत्राचं सांगितलं. मग म्हटलं, "अगं, ती झोपली म्हणून मी तुला सांगायचे ना..."

पलीकडे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून कुणाची तरी चाकाची खुर्ची गेल्याचा आवाज आला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "साडेसातला झोपणारी आहे का माझी पोर?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्याशी भांडून तिला ठेवणार कुठे होते मी?" ती म्हणाली. "आणि मागून तिचं हसणं ऐकू यायचं. ते ऐकत बसायचे. पण पुन्हा करू नकोस हं. पाया पडते तुझ्या."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बस आली. पोरगी आत आली तशी मी रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. दार मुद्दाम लावून घेतलं, ऐकू येऊ नये म्हणून.

पत्र आठवड्यात आलं. मला कुणी पकडलं नाही, पोरीला कुणी नेलं नाही. जूनमध्ये तिची आईच काठी टेकत आली आणि तिला घेऊन गेली. डॉक्टर अटलांटात, व्यायाम अटलांटात, म्हणून त्यांनी अटलांटाजवळच अल्फारेटाला घर घेतलं. जाताना पोरीनं सगळा कागद गुंडाळून नेला. "मावशी, एन्ड अजून लिहायचाय," म्हणाली.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी साडेसातला मी अल्फारेटाचा नंबर फिरवला. नवरा शेजारी हात पुसत उभा होता. दिवसभर मी एकाच वाक्याची तयारी केली होती: मैत्रिणीनं ‘झोपली गं’ म्हटलं तर आपण ‘बरं, झोपू दे’ म्हणायचं, आणि आवाज हलू द्यायचा नाही. तिला तो हक्क होता. घंटा तीनदा वाजली. मैत्रिणीनं उचलला. मी विचारलं, "आहे का गं ती?"

"धर हं," ती म्हणाली, आणि मला लाकडी जिन्यावरून कुणीतरी धडधडत खाली येत असल्याचा आवाज आला.